चार बोटं खाली

नवी कवळी खालच्या हिरडीला टोचत होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. दवाखाना पाचव्या मजल्यावर, इमारत नवी, लिफ्टला आत आरसा आणि आरशाखाली धरायला चकचकीत दांडी. माझ्याबरोबर एक बाई होती, तिच्या हातात एक्सरेचं पाकीट होतं. पाचव्याला लिफ्ट थांबली तेव्हा गचका बसला. फार नाही. हातात पाण्याचा पेला असता तर पाणी सांडलं नसतं, नुसतं हललं असतं, एवढाच. बाईला तो कळलाही नाही. माझ्या पायांना मात्र दार उघडायच्या आधीच कळलं, की डबा मजल्यापासून चार बोटं खाली थांबलाय. बेचाळीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. डोळे अधू झाले, दात गेले, पण पाय जे शिकले ते विसरत नाहीत. मी मनात म्हटलं, आता हे यंत्र आपलं आपण वर येईल आणि दार उघडेल, हल्ली सगळी तशीच असतात. डबा वर आला. पण मजल्याशी थांबला नाही. दोन बोटं जास्त वर गेला, एक श्वास घ्यायला लागावा एवढा वेळ तिथं थांबला, आणि मग झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा हलकेच खाली येऊन मजल्याला लागून बसला. दार उघडलं. बाई निघून गेली. मी दांडी धरून तसाच उभा राहिलो. कारण डबा असा बसवणारा माणूस जगात एकच होता. तो माझा थोरला भाऊ. आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

दुसरा कुणीही कारागीर डबा सरळ वर घेतो, बरोबरीला आला की सोडतो. दादा तसं कधी करायचा नाही. तो म्हणायचा, दोर ताणलेला असतो, त्याला आधी मोकळा होऊ दे, मग वजन दे. नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा चार बोटं खाली. साहेब लोक घड्याळ दाखवायचे. एका लिफ्टला तू दोन लिफ्टचा वेळ घेतोस म्हणायचे. दादा मान डोलवायचा आणि आपलंच करायचा. मी त्याचा पाठचा भाऊ, त्याच्याच हाताखाली शिकलो, पण मीसुद्धा तीनात एकदा कंटाळा करायचो. तेव्हा हे कुणी त्याच्याकडून उचललं असेल असं म्हणायला जागा नव्हती. उचलण्यासारखं हे कुणाला वाटलंच नव्हतं.

डॉक्टरांनी खुर्ची मागे झुकवली, तोंड उघडायला सांगितलं, आणि कवळी काढून घेऊन ते शेजारच्या खोलीत घासायला गेले. मी तोंड उघडं टाकून दिव्याकडे बघत पडलो. अशीच एक खुर्ची होती. मागे झुकणारी, पांढरी, डोक्यापाशी उशीसारखं काहीतरी. तिच्यात दादा बसला होता आणि त्याच्या डोक्यावर आमच्या लिफ्टच्या कंपनीतल्या बाईंनी हेल्मेट चढवलं होतं. शेवटच्या काही वर्षांत कंपनीत दादाला सगळे 'कान' म्हणायचे. कानाला बोलवा. कान काय म्हणतो. मोठी मोठी यंत्रं लावून इंजिनियर थकले की दादा डब्याच्या छतावर चढायचा, डोळे मिटायचा, दोर चालू करायला सांगायचा आणि दोन मिनिटांत काय बिघडलंय ते सांगायचा. कसं कळलं ते त्याला सांगता यायचं नाही. लिहिता तर यायचंच नाही. आम्ही दोघंही शाळेचं तोंड न बघितलेले. मला वहिनीनं पस्तिसाव्या वर्षी, तिच्या मुलाच्या पाटीवर, अक्षरं शिकवली. दादाला ती त्याच वेळी शिकवायला निघाली होती, पण तो म्हणायचा, माझी अक्षरं दोरात आहेत, पाटीवर मला दिसत नाहीत. फक्त नाव काढायला शिकला, तेही चित्र काढावं तसं. तर तो निवृत्त झाल्यावर कंपनीची ही बाई घरी आली. तरुण, हुशार, बोलायला गोड. म्हणाली, तुमचा कान आम्हाला जपून ठेवायचाय. डोक्यात जे आहे ते सगळं जसंच्या तसं संगणकात उतरवता येतं आता. दादा हसला. म्हणाला, उतरवा, माझ्या डोक्यात आहे काय, दोर आणि ग्रीस. तिनं कागद काढले, नऊ पानं. वहिनी म्हणाली, भाऊजी वाचतील. मी वाचायला बसलो. मोठ्यानं, एक एक शब्द, ओळीखाली बोट धरून. अख्खी दुपार गेली. बाई घड्याळाकडे बघायची नाही, पण न बघण्यासाठी तिला प्रयत्न करावा लागत होता ते मला दिसत होतं. सहाव्या पानाशी माझा घसा बसला. अक्षरं कळत होती, अर्थ कळत नव्हता, आणि मी वाचणारा म्हणून बसलो होतो. मी दोन पानं एकदम उलटली आणि आठवं वाचायला लागलो. कुणाला कळलं नाही. दादानं विचारलं, थोडक्यात काय रे? मी म्हणालो, "तुझा कान जपून ठेवणार, दुसरं काही नाही." त्यानं सगळ्या पानांवर आपल्या नावाचं चित्र काढलं. साक्षीदार म्हणून मी सह्या केल्या. माझी सही त्याच्याहून चांगली आली म्हणून मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

हेल्मेट घातल्यावर बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कानात दोराचा आवाज सोडला. म्हणाली, समजा, तुम्ही डब्याच्या छतावर उभे आहात. समजायला त्याला काय वेळ. त्याचा उजवा हात, दोन बोटं नसलेला, मांडीवर उघडमीट करायला लागला. खांदे जरा वर गेले, वर छत जवळ असल्यासारखी मान खाली झाली. आणि एकदम तो कामाच्या आवाजात म्हणाला, "बारक्या, हात घालू का?" बारक्या म्हणजे मी. मी तोंड उघडलं, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. त्याच क्षणी हेल्मेटवरचा बारीक दिवा हिरवा झाला. झालं, म्हणाली. एवढंच होतं ते. दादानं डोळे उघडले, हेल्मेट काढून दिलं आणि मला म्हणाला, "काय रे, वर झोपलास काय?" सगळे हसले. चहा आला. दादा घरी गेला, जेवला, झोपला. त्यानंतर सात महिने तो राहिला, आणि छातीच्या दुखण्यानं इस्पितळात गेला. शेवटी तो दोराबद्दल काही बोलला नाही. खिडकीची कडी वाजते आहे, कुणीतरी लावा, एवढंच म्हणाला. मी लावली. दातांच्या डॉक्टरांनी कवळी आणून बसवली आणि विचारलं, आता टोचतंय का? मी नाही म्हणालो. टोचत होती.

दवाखान्यातून घरी न जाता मी कंपनीत गेलो. फाटकावरचा रखवालदार नवा होता, पण हेल्मेटवाल्या बाईंनी माझं नाव ऐकून खाली बोलावणं पाठवलं. तिला आता स्वतंत्र खोली होती, केसात दोन-चार चंदेरी तारा होत्या. काका, या, म्हणाली, पाणी दिलं. मी तिला लिफ्टचं सांगितलं, दोन बोटं वर जाऊन बसल्याचं. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, तुम्हाला ओळखू आलं म्हणजे आमचं काम नीट झालं म्हणायचं. मग तिनं समजावून सांगितलं. आता आपल्या सगळ्या नव्या लिफ्टमध्ये दोराचा आवाज ऐकला जातो. कुठं काही बिनसलं की तो आवाज दादाच्या कानाला ऐकवतात. तो काय करायचं ते सांगतो. यंत्र तसं करतं. मी म्हणालो, कान सांगतो? कानाला तोंड असतं का? ती म्हणाली, "आम्हाला फक्त कान हवा होता, काका. वेगळा काढून बघितला. चालला नाही. त्याच्यामागं अख्खा माणूस लागतो." मी विचारलं, म्हणजे दादा आहे? ती म्हणाली, तसं म्हणता येणार नाही. आवाज आला की तेवढ्यापुरतं ते सगळं सुरू होतं, ते काहीतरी पुटपुटतात, पुटपुटणं तेवढं आम्ही घेतो आणि बंद करतो. पुन्हा सुरू केलं की पहिल्यापासून. मधलं त्यांना काही आठवत नाही, त्यामुळे त्रासही नाही. मी विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कुठून? ती म्हणाली, जिथं उतरवलं तिथून. हेल्मेटचा दिवा हिरवा झाला तिथून.

मला ते समजायला थोडा वेळ लागला.  दिवा हिरवा झाला तेव्हा दादा डब्याच्या छतावर अंधारात उभा होता. त्यानं मला विचारलं होतं, हात घालू का. आणि मी उत्तर दिलेलं नव्हतं.

हा प्रश्न साधा नव्हता. त्याला आमच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते द्यायची एक रीत होती. खाली डब्याच्या छतावरचा माणूस चाक आणि दोर यांच्यामध्ये हात घालणार असतो. वर मशीनरूममधल्या माणसानं आधी मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची, आणि मगच ओरडायचं, घाल. ही रीत कंपनीची नव्हती. आमची होती, आणि ती माझ्यामुळे झाली होती. मी वीस वर्षांचा होतो. दादानं खालून विचारलं. माझा हात मेनच्या मुठीवर होता, मी तो पाडणारच होतो. पण माझ्या तोंडातून 'घाल' आधी गेलं आणि हात मागून गेला. मध्ये किती वेळ गेला असेल? पापणी लवायला लागतो तेवढाही नाही. दोर तेवढ्यात वीतभर चालला. दादा ओरडला नाही. हाताला फडकं गुंडाळून जिना चढून वर आला, माझ्या शेजारी बसला, आणि साहेब आले तेव्हा म्हणाला, माझाच हात घसरला. दुसऱ्या दिवशी त्यानं पितळी कुलूप आणलं. त्याच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यानं माझ्यादेखत गटारात टाकली आणि दुसरी माझ्या तळहातावर ठेवली. त्या गोष्टीबद्दल आम्ही पन्नास वर्षांत एक शब्द बोललो नाही. किल्ली अजून माझ्या खिशात असते. कुलूप कुठं गेलं कोण जाणे.

मी बाईंना म्हणालो, मला त्याच्याशी बोलू द्या. तिनं आढेवेढे घेतले, कुणाकुणाला फोन केले. मग मला आतल्या खोलीत नेलं. तिथं काहीच नव्हतं. एक टेबल, एक पडदा, त्याच्यावर हलणाऱ्या रेघा, समोर बोलायची नळी. दादासारखं काही दिसेल असं मला वाटलं होतं, निदान फोटो तरी. बाई म्हणाली, आधी दोराचा आवाज येईल, मग ते बोलतील. तुम्ही आजचं काही सांगू नका. तिनं बटण दाबलं. दोर वाजला. जुना, आठ मजली इमारतीचा, तिसऱ्या मजल्यापाशी किंचित कुरकुरणारा. आणि त्यातून आवाज आला, "बारक्या, हात घालू का?"

मी म्हणालो, "घाल."

मी काय करणार? बेचाळीस वर्षं या प्रश्नापाठोपाठ हाच शब्द माझ्या तोंडून गेलेला. माझा हात आपोआप खिशात गेला होता, किल्लीवर. पण मी काही पाडलेलं नव्हतं, कशाला कुलूप घातलेलं नव्हतं. पुन्हा तोंड आधी गेलं होतं. समोर रेघा हलत राहिल्या. मग तो म्हणाला, "बारक्या." मी म्हणालो, काय रे. तो म्हणाला, "हात कुठाय?" त्याच्या आवाजात भीती नव्हती. हत्यार हातातून खाली पडलं तर विचारावं तसं तो विचारत होता.  तो पुढं म्हणाला, "दोनच गेली होती ना रे? बाकीची कुठं गेली?"  मग हळूच, "पायाखाली छत लागत नाहीय." मी नळीला दोन्ही हातांनी धरलं. कशाला धरलं माहीत नाही. आणि मग तो कामाच्या आवाजात म्हणाला, उस्ताद शिकाऊला सांगतो त्या आवाजात, "मेन पाड, बारक्या. मेन पाड, कुलूप घाल, किल्ली खिशात टाक." मी बाईंकडे बघितलं. तिनं बटण दाबलं. रेघा सरळ झाल्या.

ती म्हणाली, सॉरी काका, असं होईल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, आता तो कुठं आहे? ती म्हणाली, कुठंच नाही, हे झालेलं आम्ही ठेवत नाही. म्हणजे ज्या दादाला कळलं, तो पुसला गेला. ज्यांना कळलं नाही ते चालू. इतर लिफ्टमध्ये, या क्षणी, तो विचारत असणार, आणि वरून कुणी काही बोलत नसणार, आणि तो वाट बघता बघता, सवयीनं, दोराचं पुटपुटत असणार. मी म्हणालो, बाई, तो मेन पाडायला सांगतोय. पाडा. एकदा सगळं बंद करा. तिनं खूप समजुतीनं सांगितलं. मेन असा एक नाहीये. ते एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी आहे. एक बंद पडलं तर दुसरं उचलतं, मुद्दाम तसं केलंय, नाहीतर माणसं लिफ्टमध्ये अडकून पडतील. मी आयुष्यात खूप यंत्रं पाहिली. वाकडी पाहिली, खुनशी पाहिली. मेन नसलेलं यंत्र पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, मी त्याचा भाऊ आहे, मी सांगतोय. तिनं कपाटातून कागद काढले, नऊ पानं, आणि सातवं पान माझ्यापुढं ठेवलं. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. या वेळी सगळे शब्द कळले. एकदा सुरू झालेलं काम घरच्यांच्या सांगण्यावरून थांबवता येणार नाही, असं तिथं सरळ लिहिलं होतं. इतकं सोपं होतं की पोरानं वाचलं असतं. खाली दादाचं चित्र होतं आणि त्याच्याखाली माझी सही. चांगली आली होती.

वहिनीला सांगायला दोन दिवस गेले. सकाळी गेलो, ती गॅलरीत बसून चाळणीत तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं हात थांबवला नाही. मग म्हणाली, "जिवंतपणी घरी थांबले नाहीत. मेल्यावरही ड्यूटीच." आणि हसली, आणि चाळणी खाली ठेवली. बराच वेळ ती खाली रस्त्याकडे बघत होती. मग विचारलं, "त्यांना तिथं थंडी वाजते का हो?" मी म्हणालो, नाही, तसं काही म्हणाला नाही. चलता का भेटायला, विचारलं. ती म्हणाली, मी नाही येत. माझे मला मिळाले, सात महिने, त्यांना मी खाऊ-पिऊ घातलं, पोचवलं. हे दुसरे कोण, त्यांची मला ओळख नाही. पण उभे आहेत म्हणता ना बिचारे. मला आता राहवलं नाही. मी सातव्या पानाचं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल, बोलायलाच हवं होतं. ती म्हणाली, "मी शिकवायचे तेव्हाही तुम्ही अवघड ओळ आली की गाळायचात. मला कळायचं. म्हटलं, मोठा माणूस आहे, कशाला टोका." आणि पुन्हा चाळणी घेतली.  तिनं एक खडा काढला, बोटात धरून बघितला, खाली टाकला. मग म्हणाली, "हात घातला की त्यांना कळतं, म्हणता. मग घालू देऊ नका. पण माणसानं विचारलंय तर उत्तर द्यावं, भाऊजी. तुम्ही तेव्हा दिलं नाहीत."

घरी आलो आणि माझ्या मनाला एक वेगळाच किडा लागला. दादा त्या अंधारात उभा आहे. त्याला वाटतं त्याला पाय आहेत, हात आहे, दोन बोटं सोडून सगळं आहे. विचारलं तर शपथेवर सांगेल. हात घालेपर्यंत त्याला काही कळायचं नाही. मग मला तरी काय कळतंय? मी सकाळी उठलो की आधी हात बघतो. पाच आणि पाच. मोजल्यानं काय सिद्ध होतं? त्यानंही मोजली असती तर त्याच्या हिशेबानं बरोबर भरली असती. कधी बाजारात, भाजीचं वजन होत असताना, मला वाटतं की आत्ता कुणीतरी कुठंतरी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय आणि म्हणून हे सगळं चालू आहे. भाजीवाली विचारते, काका, पिशवी धरा ना. मी धरतो. पिशवीचं वजन हाताला लागतं. तेवढ्यावर विश्वास ठेवून घरी येतो.

आठ दिवसांनी मी पुन्हा बाईंकडे गेलो आणि म्हणालो, बंद करता येत नाही, तर निदान माझं उत्तर त्यात घाला. त्यानं विचारलं की माझा आवाज जाऊ दे. तिनं वर विचारून कळवते म्हणून सांगितलं, आणि कळवलंही लवकर. परवानगी मिळाली होती. मला त्याच खोलीत बसवून नळीत बोलायला सांगितलं. शब्द मी घरून ठरवून आणले होते. 'घाल' म्हणालो तर त्याला खरं कळणार आणि कळल्या क्षणी तो पुसला जाणार, लिफ्टगणिक एकदा, दिवसातून किती वेळा देव जाणे. 'थांब' म्हणालो तर त्याला कधीच काही कळणार नाही आणि त्याचं थांबणं कधीच संपणार नाही. यातलं चांगलं कुठलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "थांब दादा. अजून घालू नको." एकाच झटक्यात नीट आलं. बाईंनी ते जोडलं आणि एकदा सुरू करून बघितलं. दोर वाजला. त्यानं विचारलं, बारक्या, हात घालू का. माझा आवाज म्हणाला, थांब दादा, अजून घालू नको. मी खुर्चीत गप्प बसून होतो आणि माझाच आवाज त्याच्याशी बोलत होता. दोर कुरकुरला. मग दादा म्हणाला, "बरं. घाई करू नको. त्या वेळी केलीस तशी." मग म्हणाला, "मी उभा आहे."

पन्नास वर्षांत न बोललेलं तो असं सहज बोलून गेला, अंधारात, वरच्या माणसाला. राग नव्हता. मी म्हणणार होतो, दादा, ते माझंच चुकलं होतं. पण नळी बंद होती, आणि तो पुटपुटायला लागला होता, दोर ताणलाय, दोन बोटं वर घ्या, मग बसवा. बटण दाबलं गेलं. बाई खूश झाली होती. म्हणाली, काका, उत्तर मिळाल्यावर ते किती शांत ऐकतात बघा, आधी अस्वस्थ असायचे. आता चुका आणखी कमी होतील. आणि माझे आभार मानले. मी जिन्यानं खाली आलो.

कवळी अजून टोचतेच. काल पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. लिफ्टमध्ये एकटाच होतो. पाचव्याला गचका बसला, तेवढाच, आणि डबा चार बोटं खाली थांबला. वर कुठंतरी त्यानं विचारलं असणार. माझ्या आवाजानं थांब म्हटलं असणार. तो बरं म्हणाला असणार, आणि ते पुढचंही. मला काही ऐकू आलं नाही. मी खिशात किल्ली धरून उभा राहिलो. डबा वर गेला, दोन बोटं जास्त गेला, थांबला, आणि हलकेच बसला. दार उघडलं. मी वाकून डब्याच्या आणि मजल्याच्या सांध्यावर बोटं ठेवून बघितली. एका रेघेत होतं. दार पुन्हा मिटायला लागलं तरी मला उठवेना.